सुतकातली दाढी

महेशला जाऊन चौथा दिवस उजाडला होता. जेलरोडच्या त्या रो-हाउसच्या हॉलमध्ये चटईवर बसून त्याचे थोरले भाऊ उपेंद्र पोथी उघडत होते, तेवढ्यात न्हाणीघराचं दार वाजलं. आधी साबणाचा वास बाहेर आला, मग विहंग आला. गाल असे गुळगुळीत, की खिडकीतलं कोवळं ऊन त्यावर थांबेना.

उपेंद्रांनी पोथी मिटली.

गर्ग्यांच्या घरात माणूस गेला की दहाव्या दिवसापर्यंत पुरुषांच्या गालाला पातं लागत नाही. दहाव्याला रामकुंडावर न्हाव्यापुढे बसायचं आणि लहानांनी मोठ्यांसाठी डोकं, दाढी, मिशा सगळं उतरवून द्यायचं. मोठ्यांनी धाकट्यांसाठी बसायचं नसतं. पाच पिढ्या पंचवटीत लोकांचे दहावे करण्यात गेल्या होत्या, त्यामुळे ही रीत कोणी कोणाला सांगत बसत नसे. दूध पिणाऱ्या पोरालाही ती ठाऊक असावी अशी घरातल्या मोठ्यांची समजूत होती. विहंग तर चौतिशीचा बाप्या, आणि गेलेला माणूस त्याचा बाप.

“हे काय केलंस?” उपेंद्रांनी विचारलं.

विहंगने हनुवटीवरून हात फिरवला. एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मग साहेबापुढे उभं राहतात तसा सरळ उभा राहिला.

“फौजेचा नियम आहे, मोठे काका. सुट्टीवर असलो तरी दाढी ठेवून चालत नाही.”

आता गंमत अशी, की तो हे बोलत होता तेव्हा बरोबर त्याच्या डोक्यामागे, शोकेसमध्ये, यशश्रीच्या लग्नातला फोटो होता. दोन वर्षांपूर्वीचा. त्यात बहिणीच्या शेजारी हाच विहंग, महिन्याभराच्या सुट्टीवर आलेला, गालभर दाढी वाढवून हसत उभा होता. लग्नात त्या दाढीवरून सगळ्यांनी त्याला बुवा म्हणून छळलं होतं आणि महेशने तर भर पंगतीत त्याला ‘महाराज, आशीर्वाद द्या’ म्हणून हात जोडले होते. उपेंद्रांची नजर फोटोवर गेली. चहा घेऊन आलेल्या यशश्रीच्या ते लक्षात आलं. तिने ट्रे खाली ठेवला, फोटो उचलला, पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसल्यासारखं केलं आणि तो घेऊन आत गेली. सुतकात फोटो पुसायची एवढी घाई कोणाला असते, हे न कळण्याइतके उपेंद्र भोळे नव्हते.

पण त्यांना फोटोपेक्षा ते ‘फौजेचा नियम’ लागलं. बारा वर्षांपूर्वी विहंग भरतीला गेला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच होता. दर्भ धरायच्या हातात बंदूक कशाला, असं ते म्हणाले होते. आणि जन्मात कधी उलट न बोललेला धाकटा भाऊ, नोटांच्या प्रेसमध्ये मान खाली घालून पस्तीस वर्षं नोकरी करणारा महेश, तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं बोलला होता. “दादा, मुलगा माझा आहे.” उपेंद्रांनी त्यानंतर विषय काढला नाही, पण मनातून तो गेलाही नाही. पोरगा दिवाळीला नसायचा, गणपतीला नसायचा. फौजेने नेला तो नेलाच. आता बापाच्या सुतकातही फौजच मधे यावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की उपेंद्रांना राग यायचा.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मग दहाव्याला विधीला तू बसू नकोस. माझा अथर्व बसेल.”

विहंगचं तोंड एकदम उतरलं. उपेंद्रांना ते दिसलं. आपण जास्त बोललो हेही कळलं. पण गुरुजींच्या तोंडून एकदा गेलेला शब्द परत घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती.

*

स्वयंपाकघरात मालिनी ओट्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. एकेक शब्द.

दाढी तिने करायला लावली होती.

पहाटे ती चहाचं आधण ठेवायला उठली तेव्हा दारात विहंग उभा होता. अंगावर शाल, डोळे जागरणाने खोल गेलेले, आणि गालावर वाढलेले खुंट. त्यात पांढरेही होते, हनुवटीच्या डाव्या अंगाला, जिथे महेशला आधी पिकले होते तिथेच. क्षणभर तिला वाटलं, तोच उभा आहे. दवाखान्यातून उठून आलाय.

महेश रोज दाढी करणारा माणूस. पहिल्या पाळीला जायचा तेव्हाही आणि रिटायर झाल्यावरही. स्टीलच्या मगमध्ये कढत पाणी, खिडकीला टेकवलेला आरसा आणि गुणगुणणं. दवाखान्यात मात्र रक्त पातळ करायची औषधं सुरू होती आणि कापलं तर रक्त थांबायचं नाही, म्हणून सिस्टरने पातं लावू दिलं नाही. मास्कच्या पट्ट्याखाली दाढी वाढत गेली. तो ती सारखी खाजवायचा. शेवटी बोलणं गेलं तेव्हाही मालिनीचा हात धरून तो आपल्या गालावर घासायचा. त्याला काय म्हणायचंय ते तिला कळायचं आणि ती म्हणायची, करू हं, घरी गेलो की करू. गेला तोही तसाच. तिरडीवर तिला नवऱ्याचा चेहरा ओळखू आला नव्हता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून पहाटे ती मुलाला म्हणाली, आधी ती दाढी काढ.

विहंग म्हणाला, “आई, सुतक आहे.”

“काढ म्हणते ना.”

त्याने का म्हणून विचारलं नाही. कपाटावरचा बापाचा मग घेतला, तिच्या आधणातलं पाणी ओतून घेतलं आणि गेला. पोरगं लहानपणी इतकं शहाणं नव्हतं. सांगितलेलं काम मुकाट्याने करायला त्याला फौजेनेच शिकवलं होतं.

आणि आता तो फौजेच्या आड उभा राहून तिला झाकत होता, आणि ती गप्प होती. बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही तिच्याने होईना. या घरात चौतीस वर्षं विहंगच्या बाबतीत जे जे वाकडं झालं ते तिच्या नावावर टाकलं गेलं होतं. आईने लाडावलं, आईने अडवलं नाही, आईने फौजेत धाडलं. त्यात आता आईनेच सुतक मोडलं हेही लागलं असतं. पण खरं कारण तेही नव्हतं. आपल्याला आपल्याच नवऱ्याच्या चेहऱ्याची भीती वाटली, हे चार माणसांत कसं सांगायचं, हे तिला कळत नव्हतं. लाज वाटत होती.

यशश्री फोटो घेऊन आत आली. आईकडे बघून तिने विचारलं, दादा खोटं का बोलतोय. मालिनीने गॅस बारीक केला आणि चहा उतू जाईल म्हणाली. चहा केव्हाच गाळून झाला होता.

*

दुपारी अथर्वने बापाला दारापुढच्या ओट्यावर गाठलं. अथर्व उपेंद्रांचा मुलगा. तोही पौरोहित्यच करायचा, पण त्याची यजमान मंडळी त्याला मोबाइलवर बोलवायची आणि तो जीन्स घालून, सॅकमध्ये सोवळं भरून मोटारसायकलवरून जायचा. बापाला हे आवडत नसे, पण त्याचं पाठांतर आवडे.

“बाबा, मी नाही बसणार,” अथर्व म्हणाला. “काकांनी मला सायकल शिकवली, सगळं खरं. पण मुलगा तो आहे. मी त्याच्या जागी बसलो तर मला आयुष्यभर त्याच्याकडे बघता येणार नाही.”

उपेंद्र म्हणाले, मग रीत काय गुंडाळून ठेवायची? उद्या यजमानांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

अथर्वने मग बापाचंच शस्त्र काढलं. राजाच्या कामावर असलेल्या सैनिकाला सुतक लागत नाही, तो लगेच शुद्ध होतो, हे तुम्हीच मला शिकवलंत, म्हणाला.

“कामावर असलेल्याला,” उपेंद्र म्हणाले. “हा सुट्टीवर आहे.”

“तोच तर म्हणतोय, सुट्टीवर असलो तरी नियम सुटत नाही. मग तो कामावरच झाला ना?”

सकाळपासून छातीवर बसलेला दगड उपेंद्रांना जरा हलल्यासारखा वाटला. विहंगला बाजूला बसवायचं त्यांच्याही जिवावर आलं होतं. शब्द परत घेता येत नव्हता, पण शास्त्रानेच वाट दिली तर ते परत घेणं होत नव्हतं. एवढंच ठरवायचं राहिलं होतं, की सुट्टीवरच्या शिपायाला दाढीचा नियम खरंच लागतो का. आणि हे सांगणारा माणूस चार घरं सोडून राहत होता.

कोंडाजी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. महेशचा सकाळच्या फिरण्याचा जोडीदार. दोघं जेलरोडवरून पार स्टेशनपर्यंत चालत जायचे, येताना भाजी आणायचे आणि वाटेत राजकारणावर भांडायचे. संध्याकाळी तो पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आलाच, कारण घरात चहापलीकडे काही शिजत नव्हतं आणि शेजाऱ्यांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. डबा यशश्रीकडे देऊन तो चटईच्या कडेला टेकला. उपेंद्रांनी आढेवेढे न घेता विचारलं.

कोंडाजीने विहंगकडे पाहिलं. विहंग जमिनीकडे बघत होता. मग कोंडाजीची नजर शोकेसकडे गेली, जिथे सकाळपर्यंत फोटो होता आणि आता नुसता चौकोन दिसत होता, भोवती धूळ असलेला. त्या लग्नात कोंडाजीही जेवला होता. आणि स्वतःच्या नोकरीत तो सुट्टीवर आला की पहिल्या दिवशीच वस्तरा माळ्यावर टाकायचा, हे त्याची बायको अजून सांगायची.

“आता कसंय गुरुजी,” तो सावकाश म्हणाला. “आमचे सुभेदारसाहेब म्हनायचे, शिपाई चोवीस तास शिपाई. सुट्टीवर हाय म्हनून काय दुसरा मानूस होत नाय. मग कोन पाळतं, कोन नाय पाळत. घरी कोन बघाया येतंय? पन एखाद्यानं पाळला, तर त्याला चुकला म्हनता नाय येत.”

खोटं न बोलता मित्राच्या पोराला सोडवायला जेवढं बोलावं लागतं तेवढंच तो बोलला.

उपेंद्रांना तेवढं पुरलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला. “म्हणजे सुट्टीवरचा सैनिकही सैनिकच,” ते म्हणाले. “मग त्याला सुतकच नाही. मोडायचा प्रश्नच येत नाही. दहाव्याला विहंगच बसेल.”

अथर्वने श्वास सोडला. यशश्री डब्यातल्या भाकऱ्या मोजल्यासारखं करत डोळे पुसू लागली. सगळं मिटलं होतं. आणि मिटलंच असतं, पण उपेंद्रांना आनंद झाला की एक वाक्य जास्त बोलायची सवय होती. आत तोंड करून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “मालिनी, तू जिवाला लावून घेऊ नकोस. पोर फौजेचं झालं आता. घराचं सुतक त्याला नाही.”

स्वयंपाकघरात ताटली ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला आणि मालिनी दारात आली.

दीर, शेजारी, मुलं यांच्यासमोर ती अशी दारात येऊन उभी राहणारी बाई नव्हती. चार दिवसांत तिचा आवाजही कोणी धड ऐकला नव्हता.

“त्याला सुतक आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “त्याचा बाप गेलाय.”

उपेंद्र म्हणाले, अगं, त्याच्याच भल्यासाठी बोलतोय मी.

“माहीत आहे. पण तो फौजेच्या नियमासाठी नाही दाढी करून आला. मी सांगितलं म्हणून केली. तो नको म्हणत होता.”

विहंग उठून उभा राहिला. “आई, असू दे.”

“गप्प बस तू.” मग तिने सगळं सांगितलं. पहाटेचं, दारातलं, हनुवटीच्या डाव्या अंगाच्या पांढऱ्या खुंटांचं. सांगताना ती मधेच अडखळली, पण रडली नाही. “ह्यांना शेवटी मी ओळखलं नाही, भाऊजी. माझ्याच माणसाला. आणि सकाळी पोराच्या तोंडावर तीच दाढी. मला भ्यायला झालं. त्याला बसू द्यायचं नसेल तर नका देऊ, दोष माझा आहे. पण त्याला सुतक नाही असं म्हणू नका. वर्षाचे अकरा महिने तो फौजेचाच असतो, मी कधी काही म्हटलंय? सुट्टीत तरी तो माझा आहे.”

कोंडाजीने टोपी काढून मांडीवर ठेवली.

उपेंद्रांनी विहंगला विचारलं, “मग मला खोटं का सांगितलंस?”

“आईचं नाव यायला नको होतं,” विहंग म्हणाला. “फौजेवर ढकललं तर फौजेचं काय जातंय, मोठे काका? फौजेला सवय आहे.”

कोंडाजीला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत यशश्रीही हसली होती, रडता रडता. उपेंद्र मात्र हसले नाहीत. ते स्वतःच्या गालावरून हात फिरवत राहिले. त्यांचीही दाढी चार दिवसांची होती, पांढरीशुभ्र. त्यांना दवाखान्यातली ती खाट आठवत होती. महेशने त्यांनाही म्हटलं होतं, मास्क बाजूला ओढून, “दादा, दाढी कर रे माझी.” आणि त्यांनीही तेच सांगितलं होतं, घरी गेल्यावर.

“यापुढे पातं लावू नकोस,” ते विहंगला म्हणाले. “दहाव्याचं दहाव्याला बघू.” आणि त्यांनी सकाळपासून मिटलेली पोथी उघडली.

*

‘बघू’ या शब्दावर घराने पुढचे दिवस काढले. विहंगने पातं लावलं नाही. पहाटे तो उठला की मालिनी त्याच्याकडे नीट बघायची, रोज थोडं जास्त वेळ. दाढी वाढत होती आणि तिची भीती कमी होत होती, असं काही झालं नाही. पण ती बघत राहिली.

दहाव्याला गंगेवर कडाक्याची थंडी होती. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात आणि त्या गंगेने त्या दिवशी दात वाजवायचं ठरवलं होतं. कुंडाच्या पायऱ्यांवर कुंदन न्हावी आपली पेटी उघडून बसला होता. गर्ग्यांच्या दोन पिढ्या त्याने याच पायरीवर भादरल्या होत्या. मालिनी यशश्रीबरोबर वरच्या पायरीवर बसली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. विहंग सर्वांच्या मागे, अथर्वच्या शेजारी उभा होता. कोणी बस म्हटल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं.

उपेंद्रांनी मागे वळून पाहिलं. “तिथे काय उभा आहेस? बापाचा दहावा आहे. बस.”

विहंग कुंदनपुढे बसला. कुंदनने त्याची हनुवटी वर केली, गालावरून अंगठा फिरवला आणि सवयीने बोलून गेला, “ही तर अर्धीच हाय. मधे पातं लागलंय वाटतं.”

विहंगने डोळे मिटले. मालिनीने पिशवी घट्ट धरली.

उपेंद्रांनी अंगावरचं उपरणं काढून अथर्वच्या हातात दिलं आणि ते पुतण्याच्या शेजारी पायरीवर बसले. सत्तरीचा माणूस, गुडघे वाजले.

“त्याची झाली की माझी काढ,” ते म्हणाले.

कुंदन गोंधळला. “गुरुजी, तुम्ही तर मोठे. मोठ्यानं धाकट्यासाठी बसायचं नसतं, तुम्हीच सांगता ना समद्यांना?”

“सांगतो.”

“मग?”

“पोराची कमी पडलीय. राहिलेली माझी घे,” उपेंद्र म्हणाले. मग पाण्याकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असं, पुढे बोलले. “महेशला म्हणालो होतो, घरी गेल्यावर दाढी करू.”

विहंगने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. उपेंद्रांनी तो तसाच राहू दिला.

कुंदन वाटी कुंडातल्या पाण्यात बुडवणार, इतक्यात मालिनी दोन पायऱ्या उतरून खाली आली. तिने पिशवीतून थर्मास काढला आणि महेशचा स्टीलचा मग काढला. मगमध्ये कढत पाणी ओतलं. वाफ वर आली. तिने तो मग कुंदनपुढे ठेवला.

“याच्यात बुडव ब्रश,” ती म्हणाली. “त्यांना गार पाणी चालायचं नाही.”